पायाखालचं चित्र

विमानतळावरच्या कलेचं दुखणं ठरलेलं आहे. ती भिंतीवर असते आणि प्रवाशाची नजर गेटच्या पाटीवर. थांबतो कोण?

फरशीवर मात्र पाय ठेवावाच लागतो.

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास. तिचा विमानतळ मायकेतियाला. तिथल्या मुख्य दालनातली फरशी आणि भिंत याच देशाचे कलाकार कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी १९७४ ते १९७८ या काळात घडवली. फुलं नाहीत, पक्षी नाहीत, कुणा नेत्याचा मुखडा तर नाहीच. नुसते रंगीत पट्टे. पण शेजारी शेजारी बसवलेले हे पट्टे डोळ्यांत मिसळतात आणि फरशीत नसलेलाच रंग दिसू लागतो. चार पावलं पुढे गेलात की तोही पालटतो. चालणाऱ्याशिवाय हे चित्र पुरंच होत नाही.

तेव्हा तेलाचा पैसा वाहत होता. देश ऐटीत होता आणि उतरणाऱ्या पाहुण्याला ती ऐट पायाखालीच दिसत होती.

पाहुणे राहिले बाजूला, घरचेच निघाले.

गेल्या दशकभरात ७० लाखांहून जास्त लोकांनी व्हेनेझुएला सोडला. पैशाला किंमत उरली नाही, औषधं मिळेनात, बोलायची चोरी. किती तरी जण पायीच सीमेपार गेले. ज्यांना विमान परवडलं, त्यांनी निघताना एक फोटो काढला. आपले बूट, बॅगेची चाकं, खाली ते पट्टे. चेहरा नाही, मजकूरही लागत नाही. बघणाऱ्याला कळतं, हाही गेला.

याला सेल्फीचं खूळ म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. सरकारी खर्चाने उभ्या राहिलेल्या किती कलाकृती लोकांनी अशा उराशी धरल्या? फीत कापून झाल्यावर त्यांच्याकडे फिरकतं तरी कोण?

क्रूझ-दिएझ स्वतः १९६० पासून पॅरिसला राहिले. २०१९ मध्ये गेले तेही तिथेच. आपल्या फरशीवर लोक कशासाठी थबकतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काहींनी आठवण म्हणून फरशीचे तुकडेच उचकटून नेले. दुःख कळतं. तरी हे चूकच. आणि तुटक्या जागी साधी फरशी ठोकून मोकळं होणं ही त्याहून मोठी चूक ठरेल. पट्ट्यांचं सगळं गणित शेजारच्या पट्ट्यावर उभं आहे. दुरुस्ती करायची तर त्याच रंगात, त्याच मापात करा.

मागून येणाऱ्यालाही निरोप घ्यायचा आहे.