व्युत्पत्तीकाका होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

प्रत्येक घराण्यात इंग्रजी शब्दांची कुळी सांगणारे एक तरी काका असतात. पंगतीत जिलबी फिरत असते, आणि नेमका तेव्हाच त्यांना ‘पॉश’ हा शब्द आठवतो. हे पद वारसाहक्काने मिळत नाही, कमवावं लागतं. वयाची अट नाही, पण निवृत्तीनंतर अर्ज केलेला बरा, कारण सकाळी मोकळा वेळ लागतो. आवाज मात्र शेवटच्या पानापर्यंत पोचणारा हवा.

पहिला धडा आद्याक्षरांचा. समोर आलेल्या शब्दाची अक्षरं सुटी करावीत आणि प्रत्येकाला एकेक शब्द चिकटवावा. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे उन्हापासून लांबची केबिन साहेबलोक घेत आणि पी अँड ओ कंपनी तिकिटावर ही चार अक्षरं उमटवून देई. कथा फक्कड आहे. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, हा तपशील उमेदवाराने जिलबीबरोबर गिळावा. ‘टिप’, ‘न्यूज’ आणि ‘गोल्फ’ यांच्यावरही हाच प्रयोग चालतो. ‘गोल्फ’ची फोड करताना ‘जंटलमेन ओन्ली’ हे शब्द डोळे मिचकावून म्हणावेत. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती आणि आद्याक्षरांतून शब्द पाडायची खोड इंग्रजीला खऱ्या अर्थाने लागली ती विसाव्या शतकात, असं एखादी भाची म्हणालीच तर तिला अभ्यास कसा चाललाय ते विचारावं.

गंमत अशी, की एक शब्द खरोखरच आद्याक्षरांतून आला आहे आणि नेमका तोच काकांना पटत नाही. १८३०च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याचं लघुरूप छापायची लहर आली होती. ‘ऑल करेक्ट’चं त्यांनी केलं ‘ओल कोरेक्ट’, आणि २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आलं ‘ओके’. पुढच्या वर्षी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे होते. ते किंडरहुक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहुक’. समर्थकांनी ‘ओके’ उचललं आणि लघुरूपांची बाकी लाट विरली तरी ते टिकलं. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं बाहेर काढलं. पण उपसंपादकांचा पोरकटपणा आज जगभर बोलला जातो, हे काकांना पोक्त वाटत नाही. ते ग्रीकपासून सुरुवात करतात.

स्थानिक रंगासाठी ‘बॉम्बे डक’ हाताशी ठेवावा. सुके बोंबील डाकगाडीतून जात, डब्यात वास भरे, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्याचं पुढे ‘डक’. ही कथा सांगताना नाक जरूर दाबावं, सनावळी मात्र टाळावी. मुंबई–ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला. इंग्रजी पुस्तकांत ‘बॉम्बे डक’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पंगतीत कोणी मालवणकडचे असतील तर हा विषय काढूच नये. ते बोंबलाच्या भावावर घसरतात आणि सभा हातची जाते.

इथे मार्गदर्शकाचा संयम सुटतो. अहो, खोट्या डाकगाडीत कशाला बसता? नाशिकजवळ देवळाली आहे ना! मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सोल्जरांना तिथल्या छावणीत ठेवत. जहाजं सुटत हिवाळी हंगामात. तो हुकला की पुढच्या हंगामापर्यंत उन्हात बसून राहायचं. काम नाही, करमणूक नाही. मग डोकं फिरायचं. त्या डोकं फिरण्याला सोल्जरांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क ताप. आजही इंग्लंडात वेडगळ माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. किंवा मुंगूस घ्या. मराठी मुंगूस इंग्रजीत जाऊन ‘मंगूस’ झालं. ‘गूस’चं ‘गीस’ होतं तसं त्याचं ‘मंगीस’ मात्र होत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही. इतका अस्सल माल दाराशी असताना काका बोटीची केबिन शोधत फिरतात.

पुरावा मागणाऱ्याला आग्रह करून आणखी एक जिलबी वाढावी.

प्रगत अभ्यासक्रमासाठी न्यू जर्सीहून आलेला पुतण्या लागतो. तो ‘सॉकर’ म्हणाला की सुस्कारा सोडून अमेरिकेने भाषेची वाट लावली असं जाहीर करावं. वास्तविक ‘सॉकर’ ही ऑक्सफर्डच्या पोरांची करणी. रग्बीला ते ‘रगर’ म्हणत, तसं ‘असोसिएशन’ फुटबॉलचं ‘सॉकर’ केलं. पानगळीला ‘फॉल’ म्हणणं आणि ‘गॉटन’ हे रूप, दोन्ही इंग्लंडातूनच बोटीने गेलेले. घरी मोडीत निघाले, तिकडे टिकले. ‘कलर’मधला यू काढला म्हणून नोआ वेब्स्टरला शिव्या देणं रास्त आहे, पण त्याच वेब्स्टरने ‘टंग’चं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे करायचं सुचवलं तेव्हा अमेरिकनांनीच ते धुडकावलं, हेही जमल्यास सांगावं. ‘ॲल्युमिनम’ तर हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानेच १८१२ साली लिहिलं होतं. त्यात एक ‘आय’ वाढवला तो त्याच्याच देशबांधवांनी.

पुतण्याशी वाद विकोपाला गेलाच तर चर्चिल काढावेत. दुसऱ्या महायुद्धात एक कागद ‘टेबल’ करायचा, असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा हट्ट होता आणि अमेरिकनांचा कडाडून विरोध. ब्रिटिशांच्या लेखी ‘टेबल’ करणं म्हणजे लगेच चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बाजूला टाकणं. बराच वेळ कडाक्याने भांडल्यावर दोघांना एकच हवंय हे कळलं. चर्चिलनी ते महायुद्धाच्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलंय. हा किस्सा सांगून झाल्यावर सोसायटीची सभा ‘प्रीपोन’ झाल्याचं काका सहज बोलून जातात. त्या वेळी पुतण्याने हसू नये. तो शब्द आपण भारतीयांनी रुळवलाय आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आहे.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा ग्रंथ मात्र जपून वापरावा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. बर्नेल त्याआधीच वारले होते. मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्या शिपायांनी जे कडबोळं केलं, तेच कोशाचं नाव. तो घरात आला की काका बदलतात. रात्री चष्मा लावून वाचत बसतात, समासात पेन्सिलीने खुणा करतात आणि मग खऱ्या गोष्टी सांगू लागतात. खऱ्या गोष्टींना वळणं फार. मठ्ठ्यापर्यंतसुद्धा संपत नाहीत. शिवाय काकूंनी त्या सगळ्या ऐकलेल्या असतात आणि त्या शेवट आधीच सांगून टाकतात. त्यावर या मार्गदर्शनात उपाय दिलेला नाही.