पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळ धरतात, चारधाम करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. आमचे काका सुनावण्यांना जातात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या टाइपात ‘हरकती व सूचना’ असं कुठंही छापलेलं असो, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत ते त्यांना दिसतं. काकू म्हणतात, “यांना चष्मा लागतो तो फक्त वाणसामानाची यादी वाचायला.” सोसायटीत त्यांना सगळे हरकतकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे.

काकांचं खरं प्रेम बोरिवलीचा नॅशनल पार्क. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव ते फक्त अर्जात लिहितात. मुंबई आणि ठाण्याच्या मधे शंभरावर चौरस किलोमीटर जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, कान्हेरीची लेणी, भरीला बिबटे. आणि त्याच्या आसपास काय होऊ द्यायचं, काय नाही, हे ठरवताना चक्क लोकांना विचारायचं! काकांना याचं अजून अप्रूप आहे. 2016 साली उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा निघाला, तेव्हा हरकतींना साठ दिवस होते. काकांनी पहिल्या आठवड्यातच अर्ज दिला, आणि वर सोसायटीत वाचन ठेवलं. बरीच मंडळी जमली. सगळ्यांचा प्रश्न एकच : “आपली बिल्डिंग आत की बाहेर?” रीडेव्हलपमेंटचं घोंगडं भिजत पडलेलं. डिसेंबरात अंतिम अधिसूचना आली, त्यात हा पट्टा कुठं शंभर मीटर, तर कुठं चार किलोमीटर. तिच्याही वाचनाला ‘बाहेर’ असं कळल्यावर लोक वडा संपवून उठले.

त्या अधिसूचनेची झेरॉक्स काकांच्या पिशवीत कायम असते. घड्या पडून पडून तिच्या चार चिंध्या व्हायला आल्यात. राज्य सरकारनं दोन वर्षांत क्षेत्राचा आराखडा करायचा, तोही स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, या वाक्याखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ आहे. दोन वर्षं केव्हाच उलटली. रेघ मात्र दर वर्षी ताजी होते. पिशवीत याशिवाय स्टेपलर, टाचण्या, कार्बन पेपर (होय, अजून!) आणि प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती : एक कार्यालयाला, एक पोचेला, एक माळ्यावर. ई-मेलवर काकांचा काडीचा विश्वास नाही. “ई-मेलला शिक्का कुठं मारणार?” आवकचा कारकून जेवायला गेला असेल तर काका बाकावर बसून राहतात, पण आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलत नाहीत.

बोलायला उभे राहिले की सुरुवात ठरलेली : “माझा विरोध नाही. माझी हरकत आहे.” मग मुद्दा एक, पोटमुद्दा अ. मागच्या रांगेत जांभया सुरू होतात. पण ठाणे-बोरिवली बोगद्याचा विषय निघाला, की उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या त्या जवळजवळ बारा किलोमीटरच्या रस्त्यातला राडारोडा जाणार कुठं आणि भूजलाचं काय, हे सभागृहात दुसऱ्या कुणाला विचारायचं सुचलेलं नसतं.

तरी काकाही माणूसच. बिबट्यांना रात्री दिव्यांचा त्रास होतो, दिवे कमी करावेत, हा अर्ज त्यांचाच. आणि कुंपणालगत बिबट्या दिसतो, दिवे वाढवावेत, हा सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्जही त्यांच्याच वळणदार अक्षरातला. जंगलात सिमेंटचा कण नको, मात्र सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी पाठ टेकायचे बाक हवेत. विसंगती दाखवली तर म्हणतात, “पहिला अर्ज नागरिक म्हणून, दुसरा सेक्रेटरी म्हणून.”

एका सुनावणीत मात्र त्यांना मी गप्प झालेलं पाहिलं. उद्यानातल्या एका पाड्यावरच्या वारली मावशी बराच वेळ भिंतीवरचा नकाशा बघत होत्या. काकांनी मदतीच्या उत्साहात आपला नकाशा जमिनीवर पसरला, “हा तुळशी, ही दहिसर नदी” असं सुरू केलं. मावशींनी बोट ठेवून विचारलं, “आमचा पाडा कुठं?” काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाडा नव्हता. मग मावशी सांगत गेल्या आणि काका पेन्सिलीनं काढत गेले : विहीर इथं, देव इथं, शाळेची पायवाट ही अशी. ओढा भलत्याच बाजूला दाखवल्याबद्दल त्यांनी काकांना झापलंसुद्धा. त्या दिवशी काकांनी स्वतःचा अर्ज मागे ठेवला आणि मावशींचा लिहून दिला. ‘महोदय’पासून ‘आपली विश्वासू’पर्यंत. पोच मात्र मावशींच्या हातात.

अधिकाऱ्यांनाही आताशा काका आले नाहीत तर चुकल्यासारखं होतं. “काका आले की इतिवृत्तात लिहायला काहीतरी असतं,” असं एक साहेब खासगीत म्हणाले.

सध्या काका एका नव्या मसुद्यावरच्या हरकतींना मुदतवाढ मिळवण्याच्या मागे आहेत. त्यांचा अर्ज नेहमीप्रमाणे केव्हाच गेलाय, पोच माळ्यावर चढलीय. मग मुदतवाढ कशाला, असं मी विचारलं.

“माझ्यासाठी नाही हो. तुम्ही हरकत कुठं दिलीय अजून?”

“देतो, जरा वाचून.”

“वाचायला साठ दिवस होते,” काका म्हणाले, आणि पिशवीतून तीन कोऱ्या प्रती काढून त्यांनी माझ्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवल्या.