मोरीला बोळा

ऑनलाइन शिक्षणाने ज्ञानाची दारं सर्वांना खुली केली, हे दर वर्षी जूनमध्ये पानभर जाहिरातींतून आपल्याला कळतं. दारं खुली आहेत हे खरंच आहे. उंबरठ्यावर थोडी झडती असते, एवढंच.

समजा, तालुक्याच्या गावी राहून, दिवसा पतसंस्थेत नोकरी करून एखादी मुलगी ऑनलाइन एमबीए करते आहे. रात्री जेवणं आटोपली की ती वित्तीय व्यवस्थापनाचं पुस्तक उघडायला बसते. आधी पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, शिवाय तो अधूनमधून बदलायला हवा. म्हणून तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला. मग ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन ओळखा. (तिच्या गावात सिग्नल नाही, पण अमेरिकेतले सगळे एव्हाना पाठ झालेत.) मग ओटीपी. तो येतो वडिलांच्या फोनवर, कारण प्रवेशाच्या वेळी नंबर त्यांचा दिलेला. आणि या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असल्यामुळे वडील मोटार चालू करायला मळ्यात. ओटीपीची मुदत तीन मिनिटं, मळ्याची वाट पंधरा मिनिटांची. शेवटी कसंबसं पुस्तक उघडतं. पानावर तिरपा, फिकट असा तिचाच मोबाइल नंबर उमटलेला असतो आणि तोही नेमका सूत्राच्या डोक्यावर. मजकूर निवडता येत नाही, छापता येत नाही, उतरवून ठेवता येत नाही. एवढ्यात रेंज जाते. पुन्हा पासवर्ड.

पुस्तक मात्र कमालीचं सुरक्षित आहे, हे मान्य करायला हवं. ज्या पुस्तकापर्यंत हक्काची, फी भरलेली वाचक पोचत नाही, तिथे चोर काय पोचणार? अर्थात तेच पुस्तक कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर परीक्षेच्या महिनाभर आधी फिरत असतं आणि तिथे सिग्नल ओळखावे लागत नाहीत, ही गोष्ट वेगळी. चोराला एकदाच कुलूप फोडावं लागतं. फी भरणारीला ते रोज रात्री उघडावं लागतं.

पूर्वी हे सगळं फार ढोबळ होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जायचं, जुनं पुस्तक निम्म्या किमतीत घ्यायचं, आधीच्या मालकाने महत्त्वाच्या प्रश्नांवर केलेल्या खुणा फुकटात मिळवायच्या आणि वर्ष संपलं की तेच पुस्तक पुढच्याच्या गळ्यात मारायचं. एका पुस्तकावर चार पिढ्या पास व्हायच्या आणि प्रकाशकाला त्याचा पत्ताही नसायचा. हा अनर्थ आता थांबला आहे. आता पुस्तक विकत मिळत नाही, वाचायची परवानगी मिळते, बऱ्याचदा सहा महिन्यांपुरती. एटीकेटी लागली तर परवानगी नव्याने घ्यायची. नापास होण्याचा खर्च वाढवला की मुलं अभ्यास करतात, असा यामागे काही शैक्षणिक विचार असावा.

परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली होती. हक्कांचा घोळ होता म्हणे. पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचं ‘1984’ होतं, ज्यात नको असलेला मजकूर गायब करणारं सरकारी खातं आहे. असा विनोद आम्ही सदरात केला असता, तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापला असता. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा त्याच पुस्तकावर गृहपाठाच्या टिपा काढत होता. पुस्तक गेलं तशा टिपाही निरुपयोगी झाल्या. तो कोर्टात गेला आणि कंपनीला दीड लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. दहा वर्षांनी, 2019 मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच गुंडाळलं. विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले आणि ज्यांनी पानांवर टिपा काढल्या होत्या, त्यांना वर 25 डॉलर. विद्यार्थ्याच्या समासातल्या टिपांना निदान बाजारभाव तरी मिळाला.

आपल्याकडे असा खटला झेरॉक्सच्या दुकानावरून झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे छोटं दुकान अभ्यासक्रमाला लावलेली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना द्यायचं. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. शतकानुशतकं चालत आलेल्या प्रकाशनसंस्थांना एका झेरॉक्स मशीनची भीती वाटावी, हा त्या मशीनचा केवढा सन्मान! गंमत म्हणजे ज्यांचं लेखन त्या गठ्ठ्यांत होतं, त्यांतल्या काही लेखकांनीच विद्यार्थ्यांची बाजू घेतली. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि प्रताधिकार हा काही देवाने दिलेला हक्क नव्हे, असं सुनावलं. खंडपीठाने डिसेंबरात काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण मूळ सूर तोच ठेवला. 2017 च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. शिकवण्यासाठी लागतं तेवढं उतरवून घेता येतं, हे झेरॉक्सवाल्यापुरतं ठरलं. आमच्या पतसंस्थेतल्या मुलीची पंचाईत अशी की तिच्या विद्यापीठाला आवार नाही, त्यामुळे आवारात दुकान नाही.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही, हे सांगायला हवं. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षं, 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं आणि लाभार्थी 1 कोटी 80 लाख. भागाकार केला तर डोई वर्षाला साधारण अकराशे रुपये. सौदा वाईट नाही. फक्त लाभ सरकारी संस्थांना. खासगी संस्थेत ऑनलाइन शिकणाऱ्यांनी ‘वन नेशन’चा अर्थ आपापल्या परीने लावावा. शिवाय ही शोधनिबंधांची नियतकालिकं आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हवं असतं पाठ्यपुस्तक. आणि असलं दार सहसा संस्थेच्या इंटरनेट जोडणीवरून उघडतं. घरून वाचायची सोय असते. तिची माहिती ग्रंथपालांना विचारावी. ग्रंथपाल कोण, हे ऑनलाइन विद्यार्थ्याने स्वतः शोधावं. यालाच स्वयंअध्ययन म्हणतात.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांची तर आणखी चैन. छापील पुस्तकं त्यांना वाचता येतील अशा रूपात मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला 2014 मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. मजकूर निवडण्यावर बंदी घातली की बऱ्याचदा तो वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मुकं होतं. करारात पहिला नंबर आणि पडद्यावर शांतता.

आता सुरक्षेच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. जानेवारी 2023 मध्ये बातमी आली की सरकारच्या ‘दीक्षा’ या शिक्षणमंचाचा एक सर्व्हर वर्षाहून अधिक काळ उघडाच पडलेला होता. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ई-मेल आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यावर होती. त्याला ना पासवर्ड, ना ओटीपी. पुस्तकाचं एक पान छापू दिलं तर जग बुडेल म्हणणारी आमची सुरक्षाव्यवस्था पोरांच्या माहितीबाबत इतकी उदार असते. म्हणतात ना, दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा.

आणि हे अवघड आहे म्हणावं, तर तेही नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. त्यामुळे बालभारती बुडालेली नाही आणि छापील पुस्तकंही दर जूनमध्ये विकली जातात. आयआयटींच्या एनपीटीईएलची व्याख्यानं कुणीही यूट्यूबवर बघावीत. पैसे द्यायचे ते प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्याने. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरदार, शेतकरी, गृहिणींना शिकवतंय. शिक्षक समोर नसेल तर पुस्तकानेच शिकवलं पाहिजे, हे ओळखून त्याने पुस्तकं लिहून घेतली आणि ती छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिली. त्याचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगा घरी आल्यावर कॅप्चा विचारत नव्हती. या सगळ्यात एकच खोट आहे: यात कुणाला ‘सुरक्षित डिजिटल अध्ययन मंच’ विकता येत नाही आणि त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

लेखकाला मानधन मिळायलाच हवं, प्रकाशकही वाऱ्यावर जगत नाही. मराठीत पुस्तक काढणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पण पुस्तकाचे पैसे विद्यापीठाने फीमध्ये एकदा घेतले असतील, तर ते पुस्तक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडलं पाहिजे आणि पदवीनंतरही तिथेच राहिलं पाहिजे. कुलूप लावायचंच असेल तर ते पतसंस्थेतल्या त्या मुलीच्या नंबरला लावा, पत्त्याला लावा, परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्याने टिपलेल्या तिच्या घराच्या चित्राला लावा.

तेव्हा पालकहो आणि ऑनलाइन पदवीच्या उमेदवारांनो, प्रवेशासाठी रोज चार वेळा फोन करणाऱ्या त्या गोड आवाजाच्या समुपदेशकाला पैसे भरण्याआधी विचारा: पुस्तक उतरवून घेता येतं का, ते किती दिवस माझं, आणि माझी माहिती कुठे ठेवता? उत्तर तोंडी घेऊ नका, ई-मेलवर मागा.