पुढचा आकडा, मागची आवृत्ती

सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधून ती संगणकावर पुन्हा बसवू पाहणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात: नव्या आवृत्तीमुळे ज्यांचे काम खरोखरच अडले आहे असे लोक, आणि ‘नव्यात ती मजा नाही’ हे सिद्ध करण्यासाठी रात्र जागवणारे लोक. दुसऱ्या वर्गातील मंडळी स्वतःची गणना नेहमी पहिल्यात करतात, आणि प्रस्तुत लेखकाचा या विषयावरील अधिकार त्याच गणनेवर उभा असल्यामुळे पुढील विवेचनातील गांभीर्य वाचकाने बेतानेच घ्यावे.

डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम, त्याच्या फायली आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात याची यादी, यांचा एकत्र संच होय. अशा पॅकेजांचे अधिकृत भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, मुख्यतः चालू आवृत्त्याच बाळगते. त्यामागचे हवे असल्यास ‘स्नॅपशॉट’ या संग्रहाकडे जावे लागते, जिथे २००५ पासूनच्या भांडाराची वेळोवेळची स्थिती जपलेली आहे. तिथल्या यादीची मुदत अनेकदा संपलेली असल्याने ‘ॲप्ट’ हे पॅकेज बसवणारे साधन तिला हात लावायला तयार होत नाही, व मुदत तपासू नये असे त्याला लेखी कळवावे लागते. एवढे करूनही पॅकेज खालच्या आवृत्तीवर जाणार असल्याची वार्ता ते कॅपिटल अक्षरांत देते, आणि सर्व प्रश्नांना आगाऊ ‘हो’ म्हणून ठेवलेल्या माणसाकडेही या अधोगतीसाठी स्वतंत्र परवानगी मागते.

ॲप्टच्या या नापसंतीचे मूळ आवृत्तिक्रमांकांच्या मानापमानात आहे, आणि तो विषय येथे आवश्यकतेपेक्षा जास्त जागा घेणार आहे. क्रमांकाआधी ‘१:’ असा इपॉक, म्हणजे युगदर्शक आकडा, लावला की मागे नुसते ०.१ असले तरी ते इपॉक नसलेल्या ९९ ला भारी ठरते. मात्र रावबहादूर पदवीप्रमाणे तो एकदा लागला की त्या पॅकेजाला कायमचा चिकटतो, म्हणून सुज्ञ लोक तो टाळतात. त्यांनी शोधलेला दुसरा मार्ग अधिक मनोज्ञ आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले, आणि तेही आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडल्यामुळे. डेबियनने मागे फिरताना नव्या पॅकेजाला ‘५.६.१+रिअली५.४.५’ असा क्रमांक दिला: दर्शनी आकडा पुढचा, आतला माल मागचा. माघार घ्यायची पण तिला प्रगती म्हणवून घ्यायचे, ही सोय जन्मतारखेच्या रकान्यातही असती तर ‘साठ+खरेतर चाळीस’ असे लिहिणाऱ्यांत प्रस्तुत लेखक अग्रभागी असता.

डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजाला दुसऱ्याची अमुकच आवृत्ती लागणे, याविषयी इतकेच सांगणे पुरे की एकाला मागे न्यायला निघालेला माणूस रात्री दोनला सतरा पॅकेजे काढून टाकण्याच्या प्रस्तावापुढे बसलेला आढळतो.

या साऱ्यात हसण्यावारी न नेण्याजोगी एक बाब मराठी पुस्तकांची आहे. युनिकोड रुळण्याआधी अक्षरजुळणीत वापरल्या जाणाऱ्या अनेक फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर अख्खी कादंबरी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा होऊन उघडते. पेजमेकर या मांडणीच्या प्रोग्रॅमची सातवी आणि अखेरची आवृत्ती २००१ साली आली, तरी लेखक हयात नाही, हस्तलिखित रद्दीत गेले, उरली ती फक्त एक फाइल, अशी पुस्तके त्यात अडकून आहेत. त्यातल्या एका ओळीतली वेलांटी दुरुस्त करायची म्हणून जुना संगणक चालू ठेवणाऱ्या अक्षरजुळणीकाराला ‘अपडेट करून टाका’ असा सल्ला देणारा तज्ज्ञ पुढच्या अडचणीच्या वेळी कधी फोन उचलत नाही.

बसवलेली जुनी आवृत्ती टिकवण्यासाठी तिच्यावर ‘होल्ड’ ठेवावा लागतो, अन्यथा पुढच्या अद्ययावतीकरणात नवी आवृत्ती बिनबोभाट परत येते. होल्ड असला की ॲप्ट दर वेळी एक पॅकेज अद्ययावत केले नसल्याची नोंद करते. ती तक्रार आहे हे ठाऊक असूनही प्रस्तुत लेखक ती प्रशस्तिपत्रासारखी दोनदा वाचतो.