प्रभातफेरीचे विद्यापीठ

कोल्हापुरात 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठासाठी सागरमाळावर शेकडो एकरांचा परिसर राखून ठेवण्यात आला, आणि ही दूरदृष्टी किती अचूक होती हे पहाटे कानटोपी व पांढरे बूट घातलेल्या नागरिकांची वर्दळ तेथे सुरू झाली की पटते. संलग्न महाविद्यालये, म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या स्वीकारून वर्ग आपापल्या गावी भरवणाऱ्या संस्था, बहुसंख्य विद्यार्थ्यांना परस्पर सांभाळत असल्यामुळे परिसरातील प्राणवायूवर अकारण ताण येत नाही, हेही या रचनेचे यशच होय. विनासक्ती पूर्ण हजेरी आणि आंतरविद्याशाखीय चर्चा, म्हणजे रक्तातील साखर, गुडघे व जावयाची बदली अशा भिन्न विषयांना एका फेरीत जोडणारे चिंतन, या दोन्ही कसोट्यांवर फिरणाऱ्यांची तुकडी वर्गातल्या तुकडीपेक्षा सरस ठरत असल्याने, पाच फेऱ्यांमागे एक श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी साठवावयाचे अध्ययनाचे एकक, बहाल करणे न्यायाचे ठरेल. अडचण एकच उरते: साडेदहाच्या सुमारास काही तरुण पाठीवर पिशव्या अडकवून आत शिरतात, त्यांचे तेथे नेमके काय काम असते, हे तपासण्यासाठी समिती नेमावी आणि अहवाल येईपर्यंत त्यांना फाटकाबाहेरच थांबवावे.