पारदर्शक मामा

अमेरिकेत आलेल्या नातेवाइकांना लोक नायगारा दाखवतात. आमच्या भाच्याने आम्हाला तिथला फुटबॉल दाखवला.

भाचा अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात एम. एस. झाला. तिथे तो नेमकं काय शिकला, ते त्याच्या आईला अजून धड सांगता येत नाही. पण निळा-पिवळा रंग दिसला की ‘गो ब्लू’ म्हणून बोंब मारायची, एवढं त्याचं पक्कं झालंय. १ जानेवारी २०२४ ला मिशिगनची गाठ अलाबामा विद्यापीठाशी होती, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनात, रोझ बोल स्टेडियमवर. मोसम संपल्यावर निवडक विद्यापीठांचे जे ‘बोल’ सामने होतात त्यांतला हा सर्वांत जुना, आणि त्या खेपेला राष्ट्रीय विजेतेपदाची उपांत्य फेरीही. तिकिटं केवढ्याला पडली ते भाच्याने सांगितलं नाही. आदल्या रात्री भात वाढताना भाचेसून ज्या शांतपणे त्याच्याकडे बघत होती, ते पाहून मीही विचारलं नाही.

सकाळी रोझ परेड पाहिली. चित्ररथाचा दिसणारा इंच न् इंच फुलं, पानं, बिया असल्याच मालाने झाकायचा, असा तिथला नियम. आमची ही रथ सोडून कुठे जवस लावलंय आणि कुठे तीळ, एवढंच शोधत होती. झाली परेड.

दुपारी गाड्या लावायला शेजारचं गोल्फचं मैदान मोकळं केलेलं. त्या हिरवळीवर माणसं डिक्या उघडून, शेगड्या पेटवून मांस भाजत होती. आम्हीही डिकी उघडून दशम्या आणि लसणीची चटणी काढली. तेवढ्यात पलीकडचा एक घोळका माझ्याकडे बघून गरजला, ‘‘रोल टाईड!’’ मी हात जोडले. भाच्याचा घास हातातच राहिला. हिने विणलेला मरून स्वेटर माझ्या अंगात होता, आणि किरमिजी हा अलाबामाचा रंग, ‘रोल टाईड’ ही त्यांची आरोळी.

‘‘मामा, काढ ना तो.’’

‘‘जानेवारी आहे,’’ ही म्हणाली. विषय संपला.

फाटकापाशी रक्षकाने अगदी अदबीने सांगितलं, ही पिशवी आत जाणार नाही. पिशवी म्हणजे एका सराफाने दिवाळीला दिलेली, जाड, खाकी, चेनवाली. तिने चारधाम पाहिलेत. इथे मात्र आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी हवी, नाहीतर हात हलवत जा. ‘‘मेलमध्ये लिहिलं होतं,’’ भाचा म्हणाला. मेल कोणाला आली होती, असं विचारायला मी तोंड उघडलं, तोवर हा गाडीच्या दिशेने सुटलासुद्धा.

गाडी सापडायला त्याने खूण ठेवली होती: पांढऱ्या गाडीच्या मागे. हजारो गाड्यांच्या त्या मैदानात निम्म्या पांढऱ्या. आम्ही फिरत राहिलो. दर रांगेत कोणीतरी ‘रोल टाईड’ म्हणे. पुढेपुढे मीही ‘रोल टाईड’ म्हणू लागलो. नमस्काराला नमस्कार करावा माणसाने. भाचा माझ्यापासून दहा पावलं पुढे चालू लागला.

गाडी सापडली आणि पिशवीही. दशम्या भरून आणलेली मोठी, आरपार, झिपवाली, आता रिकामी, किंचित तेलकट.

मराठी मध्यमवर्ग ज्या मोजक्या खांबांवर उभा आहे, त्यांतला एक म्हणजे आतलं न दिसणारी पिशवी. पाव किलो जिलबी आणली तरी आपण ती जिन्यातून भाजीखाली दडवून वर नेतो. आणि इथे माझी माकडटोपी, गुडघ्याचा पट्टा, हिंगाष्टक, दातांची डबी आणि इसबगोलचं पाकीट लसणीच्या वासासकट जगासमोर मांडलेलं. तळहाताएवढी पर्स तशीच नेता येते, हे हिने रक्षकाकडून आधीच काढून घेतलं होतं. हे मला कळेपर्यंत तिने स्वतःचा बामही माझ्या पिशवीत सरकवला होता.

पुन्हा फाटक. रक्षकाने इसबगोल उचलून धरला. ‘‘हे काय?’’

एरवी इंग्रजीत भल्याभल्यांना गप्प करणारा भाचा कानापर्यंत लाल झाला. ‘‘फायबर,’’ तो पुटपुटला. मागची रांग माना उंचावून बघत होती. रक्षकाने लेबल वाचलं, पाकीट नीट जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘माझे वडीलही घेतात. रात्री, पाण्यातून.’’ एकदम घरचा वाटला तो मला. जगातला बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतो आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. म्हणजे आमच्या भाच्याच्या कितीतरी आधी आपला भुसा तिथे सेटल झालेला आहे, आणि त्याला व्हिसाची कटकटही नाही.

आत ९६,३७१ माणसं. मागे डोंगर, उन्हात सुरेख. या स्पर्धेतला पहिला सामना १९०२ चा, तोही मिशिगननेच जिंकलेला. स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आधीच हात टेकले. आयोजकांचा इतका विरस झाला की १९१६ पर्यंत फुटबॉल बंद, मधल्या काळात रथांच्या शर्यतीसुद्धा झाल्या. मला विचाराल तर शर्यती सोडायला नको होत्या. चार प्रयत्नांत दहा यार्ड, एवढा नियम मला समजला. पण खेळ पाच सेकंद चाले आणि मग सगळे उभे राहून चर्चा करत. निळ्या-पिवळ्या गर्दीत मरून स्वेटर घालून, मांडीवर दातांची डबी दिसेल अशी पिशवी धरून मी बसलो होतो. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर मैदान सोडून माझीच पिशवी बघत होतं.

शेवटचं मिनिट. २०-२० बरोबरी. अलाबामाने चेंडू उंच लाथाडला, मिशिगनचा एक पोरगा झेलायला गेला आणि चेंडू हातातून निसटला, तोही स्वतःच्याच गोलरेषेच्या तोंडाशी. जेमतेम यार्डभर अलीकडे कसाबसा आवरला. भाच्याने माझा गुडघा आवळला, नेमका दुखरा. मला मात्र त्या पोरापलीकडे काही दिसेना. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. याच मैदानावर १९२९ मध्ये कॅलिफोर्नियाचा रॉय रीगल्स चेंडू घेऊन उलटाच, स्वतःच्या गोलकडे, साठेक यार्ड पळाला होता. त्याच्याच सोबत्याने त्याला अडवलं. संघ ८-७ असा हरला. मध्यंतरात तो रडत बसला, बाहेर यायला तयार नव्हता. प्रशिक्षकाने पुन्हा त्यालाच उतरवलं, आणि तो झकास खेळला. तरी लोक जन्मभर त्याला ‘राँग वे’ म्हणत राहिले. आमच्या वेळी नापास झालेलं पोर चार दिवस मावशीकडे तरी जाऊन राहायचं. या पोरांनी एवढ्या डोळ्यांतून जायचं कुठे?

इथे मात्र निभावलं. जादा वेळेत मिशिगनचा ब्लेक कोरम १७ यार्ड धावत गोलरेषेपार गेला. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न तीन यार्डांवरून. जेलन मिल्रो चेंडू घेऊन गर्दीत घुसला आणि तिथेच गाडला गेला. २७-२०. भाचा रडत होता, नाचत होता, अनोळखी लोकांना मिठ्या मारत होता. मग घसा धरून माझ्याकडे आला. ‘‘मामा, खडीसाखर आहे?’’ मी पिशवी वर धरली. स्वतःच बघ म्हटलं.

बाहेर पडताना किरमिजी टोपीतल्या एक आजीबाई वाटेत थांबल्या, माझ्या स्वेटरच्या बाहीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी.’’ (पुढच्या वर्षी अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबनच नव्हते, १० जानेवारीला ते निवृत्त झाले.) डोळे भरलेले होते आजीबाईंचे. मीही पडेल चेहऱ्याने मान हलवली. त्यांची नजर पिशवीवर गेली. हे गुडघ्याला चालतं का, त्यांनी विचारलं. मी बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि रात्री चोळून वर फडकं गुंडाळा, हे हातवाऱ्यांसकट समजावलं. त्या ‘रोल टाईड’ म्हणाल्या. मीही म्हणालो.

‘‘गो ब्लू!’’ मागून भाचा बसलेल्या घशाने ओरडला.

‘‘तो माझा बाम होता,’’ ही म्हणाली.