नवी भाषा घडवा, कन्नड टाळा

बेंगळुरूत दहा-बारा वर्षं काढूनही ज्यांचं कन्नड 'गोत्तिल्ला'च्या, म्हणजे 'माहीत नाही'च्या, पुढे सरकलेलं नाही, अशा मराठी माणसांसाठी हे मार्गदर्शन आहे. शेजाऱ्यांची भाषा शिकण्यात कसला आला पुरुषार्थ? स्वतःची घडवावी. व्याकरणाचं मागाहून बघू, आधी शब्द हवेत.

शब्द हवेतून काढायचे नसतात. एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे जनक झामेनहोफ शाळकरी वयात शब्दसंख्येच्या धास्तीनं हबकले होते. रशियन पाट्यांवर एकच प्रत्यय निरनिराळ्या शब्दांना लागलेला दिसला आणि वाट सापडली: धातू थोडे घ्यायचे, प्रत्ययांनी वाढवायचे. 1887 साली सुमारे नऊशे धातूंवर त्यांचं भागलं. तुम्हाला तर पाट्यांची ददातच नाही. दुकानांच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, असा 2024 चा कायदाच आहे. सिल्क बोर्डच्या कोंडीत बस अडकली की खिडकीतून वाचत बसा: मारतहळ्ळी, चिक्कपेटे, दोड्डनेक्कुंदी. हळ्ळी म्हणजे गाव, पेटे म्हणजे आपली पेठच, चिक्क लहान, दोड्ड मोठं. बिनदिक्कत उचला. मात्र वाचता वाचता कन्नड येऊ लागण्याचा धोका असतो, तेव्हा अधूनमधून मोबाइलमध्ये डोकं घालावं.

विरुद्धार्थी शब्दांवर मेहनत वाया घालवू नका. एस्पेरांतोत 'बोना' म्हणजे चांगला, 'मालबोना' म्हणजे वाईट. 'बाहुबली' चित्रपटातल्या कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी साडेसातशे शब्दांची किलिकी रचली. तिच्यात 'मिन' म्हणजे मी आणि तोच उलटा केला की 'निम', म्हणजे तू. कन्नडमध्येही 'निम्म' म्हणजे तुमचं. पण ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार!

आता यादी. हौशी माणूस पहिल्याच रात्री एक्सेल उघडून आत्मा, आकाशगंगा आणि महायुद्ध यांना शब्द देऊन टाकतो. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनं 1668 साली भाषा घडवताना अख्खं विश्व 40 वर्गांत बसवलं होतं. ती भाषा बोललं मात्र कुणी नाही. तुम्ही सुट्टे पैसे, पाण्याचा टँकर, घराच्या ओनरनं बुडवलेलं डिपॉझिट आणि 'मीटरनं चला' इथून सुरुवात करा. शिव्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्यावाचून भाषा घराबाहेर पडत नाही.

शब्द केला म्हणजे तो चालेलच, असं धरू नका. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सरनौबताचा सेनापती झाला, तो टिकला. पेशव्याला मात्र मुख्य प्रधान म्हणायचं ठरलं आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं लोक पेशवेच म्हणत राहिले.

शेवटची परीक्षा मल्लेश्वरमच्या बाजारात द्या. तिथली भाजीवाली कन्नड, तमिळ, तेलुगू आणि कामापुरती हिंदी बोलते. तुमची पाचवी शिकायला ती तयार झाली, तर जिंकलात. नाहीच झाली, तर 'एष्टु?' म्हणून भाव विचारा. हा शब्द तिथे आयता मिळतो.